शीट कमी हायेत

आमच्या तलवाड्याची देवी त्वरिता. डोंगरावर तिचं देऊळ आहे आणि नावाचा अर्थच मुळी लगबगीनं धावून येणारी. गावात लगबगीनं येणारी तेवढी एकच. बाकीचं सगळं, म्हणजे पाऊस, लाईट, कापसाचा भाव आणि गेवराईची जीप, आपापल्या सवडीनं येतं. आमच्याच गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवनला शनीचं मोठं स्थान आहे. शनैश्चर म्हणजे हळूहळू चालणारा. एकाच तालुक्यात त्वरिताही आणि शनैश्चरही. जाण्यायेण्याचा कारभार दोघांपैकी कोणाकडे आहे हे तुम्ही फाट्यावर अर्धा तास उभं राहिलात तर आपोआप कळेल. शनीला सूर्याभोवती एक फेरी मारायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. अहमदनगर-बीड-परळी रेल्वे 1995-96 च्या अर्थसंकल्पात मंजूर झाली आणि बीडच्या स्टेशनातून पहिली प्रवासी गाडी सुटली 17 सप्टेंबर 2025 ला. महाराजांची एक फेरी पुरी झाली. हिशेबात चूक नाही.

अशा गावात बसून मी लंडन ते रॉटरडॅम हा प्रवास आगगाडी आणि जहाज यांच्या वेळा मिनिटाला मिनिट जुळवून करायचं ठरवलं. मला असं कुणी सांगितलं नव्हतं. उलट, करू नका म्हणून सांगणारे पुष्कळ होते.

मुलगा लंडनला असतो, मुलगी रॉटरडॅमजवळ डेल्फ्टला. दिवाळी मुलाकडे करायची आणि तिथून मुलीकडे जायचं, एवढं साधं काम. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, विमान आहे. तासाभरात इकडं."

"विमानात जुळवायचं काय असतं?" मी म्हणालो.

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "आईला फोन द्या."

पोरीला काय कळणार? मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं नोकरी केली आणि शाळेचं वेळापत्रक दर जूनमध्ये मीच केलं. चार गुरुजी, सात वर्ग, एक नकाशा आणि दीड फळा यांची सांगड मी घातलेली आहे. भूगोलाच्या तासाला नकाशा पाचवीत आणि गुरुजी सहावीत, असं फार तर आठवड्यातून दोनदा व्हायचं. निवृत्त झाल्यापासून हात नुसते शिवशिवत होते.

पुण्याच्या एका रद्दीवाल्याकडून पूर्वी कधी तरी मी कुकचं युरोपचं रेल्वे वेळापत्रक आणलं होतं. लाल पुठ्ठ्याचं, चांगलं जाडजूड. हे वेळापत्रक 1873 पासून निघत आलेलं. ज्या थॉमस कुकच्या नावानं ते निघालं, त्यानं पहिली सहल 1841 साली काढली ती लेस्टरहून लफबरोला, पाचशेएक माणसं घेऊन, माणशी एक शिलिंगात, आणि कशाला, तर दारूबंदीच्या सभेला! आमच्याकडून जीप भरून माणसं निघतात ती बहुतेक याच्या उलट कामाला.

तर ते पुस्तक घेऊन मी ओसरीवर बसलो. युरोपातलं वेळापत्रक वाचणं म्हणजे पंचांग वाचण्यासारखं आहे. अक्षरं ओळखीची, अर्थ भटजीलाच ठाऊक. काही गाड्यांपुढं दोन हातोडे एकमेकांवर तिरपे ठेवलेले होते. मी समजलो, ही गाडी दुरुस्तीला गेलेली आहे. अशा सगळ्या गाड्या मी तांबड्या पेन्सिलीनं खोडल्या. काहींपुढं क्रूस होता. तिथं मला वाटलं, वाटेत दफनभूमी असेल, किंवा या गाडीला पूर्वी अपघात झाला असेल, त्याही वगळल्या. काहींपुढं गोलात आकडा होता, तो मी फलाटाचा धरला. दोन आठवड्यांनी शेवटच्या पानावरचा खुलासा सापडला. हातोडे म्हणजे कामाच्या दिवशी धावणारी, क्रूस म्हणजे रविवारची आणि सुटीची, आणि गोलातला आकडा म्हणजे वार. एक सोमवार, सात रविवार. म्हणजे मी वगळल्या होत्या त्याच गाड्या तेवढ्या चालू होत्या.

तरी मी हटलो नाही. लंडनहून जहाजाकडे जाणारी गाडी लिव्हरपूल स्ट्रीटहून सुटते असं त्यात होतं. मी लगेच लंडन ते लिव्हरपूल हा प्रवास आखायला घेतला. रेल्वेनं तीनशे किलोमीटरहून जास्त. तिथं रात्रीचा मुक्काम, लॉजचा खर्च, सकाळी स्ट्रीट शोधायची. हा सगळा आराखडा नीट आखून मुलाला पाठवला. त्यानं एवढंच लिहिलं, "बाबा, लिव्हरपूल स्ट्रीट हे लंडनमधलंच स्टेशन आहे. घरापासून वीस मिनिटं."

आता यात माझी काय चूक? गेवराई रोड जसा गेवराईला जातो तसाच... असो.

या दिवसांत संध्याकाळी फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलात माझ्याभोवती चार माणसं जमायला लागली. विषयाची गोडी लागावी म्हणून मी त्यांना थोडा इतिहास सांगत असे. मुंबईच्या बॅलार्ड पियरला विलायतेची टपालबोट लागायची तेव्हा धक्क्यावरच आगगाडी उभी असायची, 1928 साली सुरू झालेली फ्रंटियर मेल हिवाळ्यात तिथूनच पेशावरला निघायची, हे त्यांनी ऐकून घेतलं. एके काळी मद्रासहून धनुष्कोडीपर्यंत रेल्वे, तिथून बोटीनं लंकेत तलाईमन्नार आणि पुढं पुन्हा रेल्वेनं कोलंबो, असा प्रवास व्हायचा, हेही त्यांनी ऐकून घेतलं. लंकेचं नाव आल्यावर मारुतीकडे पाहून एकानं हातही जोडले. पण इटलीत मेसिनाच्या सामुद्रधुनीपाशी आख्खी आगगाडी डबे सुटे करून जहाजाच्या पोटात ढकलतात आणि माणसं आतच बसून पलीकडं सिसिलीत उतरतात, हे मी सांगितलं तेव्हा मात्र हॉटेलात शांतता पसरली.

"रेल्वे? बोटीत?" एकानं विचारलं.

"हो. रुळासकट."

"गुरुजी," तो हळूच म्हणाला, "आज बीपीची गोळी घेतली का?"

त्या दिवसापासून माझ्या चहाचे पैसे दुसरंच कुणी तरी द्यायला लागलं. ही सहानुभूती मला आधी आदर वाटली.

खरं सांगायचं तर आमच्या घराण्याला हा नाद नवा नाही. "आजोबा पैलतीराला गेले" असं आमच्या घरात म्हटलं की नवखा माणूस हळहळतो. पण आजोबा खरोखरच पैलतीराला जात, गोदावरीच्या. नावेनं नदी ओलांडायची, तिथून बैलगाडीनं जालना, जालन्याहून निजामाच्या मीटरगेजनं मनमाड, आणि मनमाडला उतरून इंग्रजांच्या मोठ्या गाडीनं नाशिक. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत तलवाडा हैदराबाद संस्थानात होतं आणि मनमाड आधी इंग्रजांच्या, मग स्वतंत्र भारताच्या मुलखात, म्हणजे हा चक्क परदेश प्रवास! वाटेत करोडगिरीचा नाका, म्हणजे आजचं कस्टम. खिशातला हाली रुपया पलीकडं चालायचा नाही; सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. तारखेचं तर विचारूच नका. सरकारी कागदावर फसली सन, इंग्रजी सालातून पाचशे नव्वद वजा केलेलं, आणि महिने बहमन, खुर्दाद, आजूर असले. घरात चैत्र-वैशाख. मनमाडच्या पुढं जानेवारी-फेब्रुवारी. आजोबा आजूरमध्ये निघून कार्तिकात नदी उतरत आणि नोव्हेंबरात नाशिकला पोचत, आणि हे सगळं एकाच आठवड्यात.

लहानपणी मी त्यांना विचारलं होतं, "नाव किती वाजता सुटायची?"

"भरली की."

"आणि भरली नाही तर?"

"तर काठावर बसायचं. भाकर खायची."

"आणि जालन्याची गाडी चुकली म्हणजे?"

आजोबांना प्रश्नच कळला नाही. ते स्टेशनावर जाऊन पथारी टाकत. गाडी केव्हा तरी येई, ते चढत. गाडी चुकायला आधी तिची वेळ माहीत असावी लागते. आजोबांना ती कधीच माहीत नव्हती, त्यामुळे त्यांची गाडी जन्मात चुकली नाही.

मी मात्र शिकलेला.

मधे व्हिसाचं प्रकरण झालं. इंग्लंडचा वेगळा आणि हॉलंडचा वेगळा. हॉलंडचा तो शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच, पण इंग्लंड त्यात नाही. पासपोर्ट मात्र एक. म्हणजे आमच्या आधी पासपोर्टालाच कनेक्शन पकडायचं होतं. एका व्हिसाहून परत येऊन दुसऱ्याला वेळेवर पोचायचं. प्रवासाचा आराखडा जोडा, असं अर्जात होतं. लोक विमानाचं तिकीट जोडतात. मी सात पानं जोडली, "तलवाडा फाटा, निघणे 1.15" इथपासून. विमा किमान तीस हजार युरोंचा लागतो, म्हणजे तेव्हाच्या भावानं साधारण तीस लाख. आमची ही कागद हातात घेऊन बराच वेळ बसली. "आपली एवढी किंमत इथं कुणी केली न्हवती," म्हणाली.

दोन्ही व्हिसे मिळाले. मग माझ्या मनात आलं की नाटकाची रंगीत तालीम होते, लग्नात हळदीच्या आधी वरात चालून बघतात (आमच्याकडे बघतात), मग एवढ्या मोठ्या प्रवासाची तालीम का नको? निदान तलवाडा ते जालना एवढा पहिला टप्पा वेळ लावून करून पाहावा. जालन्याहून संध्याकाळची मुंबईची गाडी गाठायची होती. मुंबईची गाडी बीडहूनच का नाही, यावर हॉटेलात दोन दिवस वाद झाला. तीस वर्षं वाट पाहून आलेली गाडी सोडून जालन्याला जाणं हा गावाशी द्रोह आहे, असं एकाचं मत पडलं. मी नम्रपणे सांगितलं की माझं वेळापत्रक ती गाडी यायच्या आधीच तयार झालं होतं.

तालीम खरी व्हावी म्हणून बॅगाही भरलेल्या हव्यात. विमानाला माणशी तेवीस किलो. कपडे इतक्यात भरून चुरगाळायचे कशाला, म्हणून मी दोन्ही चाकांच्या बॅगांत तेवीस-तेवीस किलो ज्वारी भरली. सव्वाला आम्ही फाट्यावर. जीप उभी होती. मी घड्याळ पाहून समाधानानं वहीत खूण केली.

"चला," मी म्हणालो.

"बसा गुरुजी. तीन शीट कमी हायेत."

पावणेदोनला दोन माणसं आली. आम्ही सगळे सरसावलो. तेवढ्यात आधीपासून बसलेल्यांपैकी एकजण उतरला. त्याला आठवलं की त्याचं काम गेवराईला नसून तलवाड्यातच आहे. पुन्हा दोन कमी. दोन वाजता एक बाई शेळी घेऊन आली. शेळी शिटात धरायची की सामानात, यावर ड्रायव्हर आणि बाई यांचं दहा मिनिटं चाललं. मी वेळ वाचावा म्हणून शेळीचं भाडं मी देतो म्हणालो, तर बाई म्हणाली, "मग तिला खिडकीपाशी बसू द्या." सव्वादोनला जीप निघाली. माझ्या वहीप्रमाणे आम्ही तेव्हा शहागडच्या पुलावर गोदावरी ओलांडत होतो.

गेवराईला उतरलो. मी पुढच्या गाडीची चौकशी करायला गेलो. परत आलो तर ही अगदी शांतपणे उसाचा रस पीत बसलेली, आणि दोन्ही बॅगा सपाट.

"ज्वारी?"

"इकली."

"इकली म्हणजे?"

"एक माणूस आला, बॅगंची चेन उघडी व्हती, दाणा बघितला, म्हणला काय भावानं देता. भाव बरा मिळाला."

जालन्याची गाडी अर्थातच गेली. तालमीचा सगळा खर्च वजा जाता आम्हाला फायदा झाला, हे हिनं नंतर प्रत्येकाला सांगितलं. मी वहीत लिहिलं, "पहिला टप्पा: अनिश्चित." आणि ठरवलं की खऱ्या प्रवासाला एक दिवस आधी निघायचं आणि जालन्याला साडूकडे पथारी टाकायची. हे आजोबांचंच धोरण झालं हे माझ्या लक्षात आलं, पण मी कुणाला बोललो नाही.

निघायच्या दिवशी पेढ्यांवरून एक अडचण आली. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला तिकडं दोन्हीकडे बंदी आहे. हिनं दोन किलो पेढे, तूप, खवा असं सगळं बांधलं होतं. मी नियम वाचून दाखवला. करोडगिरीचा नाका मग आमच्या ओसरीवरच उभा राहिला. शेजाऱ्यांनी पेढे तिथल्या तिथं जप्त केले. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी तेवढी सुटली.

विमानाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. वर गेलं, खाली आलं.

दिवाळी झाली. भाऊबीजेला बहीण समोर नव्हती म्हणून मुलानं ओवाळणीचं पाकीट आमच्याकडे दिलं, आणि ऑक्टोबरातल्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी आम्ही लिव्हरपूल स्ट्रीटला आलो. लंडनमधल्याच. रात्री अकराच्या जहाजासाठी मी इतकी आधीची गाडी निवडली होती की मुलानं विचारलं, "बाबा, जहाज उद्याचं आहे का?" तिकिटाच्या खिडकीवर मी माझ्या पुस्तकाप्रमाणे "पार्कस्टन की" अशी दोन तिकिटं मागितली. आतला तरुण माझ्याकडे, मग पुस्तकाकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघत राहिला. मागून मुलगा धावत आला. त्या स्टेशनाचं नाव 1995 साली बदलून हारिच इंटरनॅशनल झालं आहे. मी म्हणालो, त्यात काय, आमच्याकडेही अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर. तरी आम्ही जुनं नाव सांगितलं तर कंडक्टर बरोबर तिकीट फाडतो.

गाडी दीड तासात हारिचला पोचली. वेळेवर. स्टेशनाच्या अंगालाच जहाजाचा धक्का. गाडीतून उतरायचं, जिना चढायचा, चालत जहाजाकडे. हे सगळं मी कागदावर इतक्यांदा केलं होतं की प्रत्यक्षात करताना पुन्हा आल्यासारखं वाटलं. जहाज 240 मीटर लांब. हिनं मान वर करून या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. "आपल्या मारुतीपासून शाळंपर्यंत आसंल," म्हणाली. मग लगेच मुद्द्याचा प्रश्न.

"किती शीट झाले?"

"तसं नसतं."

"मग सुटतंय कव्हा?"

"अकराला."

"आन् भरलं न्हाई तर?"

"तरी अकराला."

हे तिला पटलं नाही. एवढं मोठं जहाज अर्धं रिकामं न्यायचं, डिझेलचं काय, ह्यांना परवडतं कसं, ड्रायव्हरला मालक विचारत नाही का? खोलीत आल्यावरही ती दाराशी उभी राहून येणारी माणसं मोजत होती. अकराला जहाज हललं तेव्हा तिचा चेहरा अगदी उतरला. "अजून दहा मिनिटं थांबला असता तर दोन-चार शीट आले असते," म्हणाली.

आता घड्याळाची गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना मला थोडी लाज वाटते.

हॉलंडचं घड्याळ इंग्लंडच्या एक तास पुढं असतं. हे मला पाठ होतं. जहाज सुटायच्या आधीच मी माझं घड्याळ तासभर पुढं केलं. मग अंथरुणावर पडल्यावर आठवलं की ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी पहाटे जवळजवळ सगळ्या युरोपात उन्हाळ्याची वेळ संपते आणि घड्याळं एक तास मागं घेतात. आणि उद्या तोच रविवार. उठून मी घड्याळ तासभर मागं घेतलं. झोप लागेना. मागं घेतलं होतं ते नक्की का, की नुसतं ठरवलं होतं? अंधारात पुन्हा उठलो आणि पुन्हा तासभर मागं घेतलं. मोबाईल आपोआप बदलतो असं मुलानं सांगितलं होतं. बदललाही, पण समुद्रात रेंज नाही, तेव्हा त्यानं इंग्लंडची घड्याळं मागं घेतली आणि तो स्वतःला लंडनमध्येच समजत राहिला. म्हणजे मी आणि मोबाईल, दोघंही एक तास मागं, आणि दोघांचं एकमत असल्यामुळे मला पक्की खात्री.

आमच्या मुंबईनं 1906 साली आलेली देशाची प्रमाणवेळ मनावर घेतली नव्हती. देशाच्या एकोणचाळीस मिनिटं मागं असं स्वतःचं घड्याळ तिनं 1955 पर्यंत चालवलं. पण मुंबईला निदान आपण वेगळे आहोत हे माहीत होतं.

सकाळी ध्वनिक्षेपकावर काही तरी घोषणा झाली. मी कूस बदलली. "अजून तासभर आहे," म्हणालो.

"आहो, लोकं उतरायलेत."

"त्यांना वेळ कळलेली नाही. झोप."

हिच्या हातात माहेरहून आलेलं चावीचं घड्याळ आहे. लंडनला पोचल्यावर नातवानं ते एकदा लावून दिलं होतं. त्यानंतर तिनं त्याला चावी देण्यापलीकडे हात लावला नव्हता. एक तास पुढं आणि एक तास मागं, म्हणजे त्या एका रात्री शून्य. त्या रात्री लंडनहून हॉलंडला जाणाऱ्या माणसानं घड्याळाला काहीच करायचं नव्हतं, आणि हिनं नेमकं तेच केलं होतं. जहाजभर वेळापत्रक, भूगोल आणि खगोल यांचा अभ्यास करून आलेला एकच माणूस होता, आणि तो पायजम्यात बॅगेची चेन लावत धावत होता. धक्क्यावर शेवटचे आम्हीच उतरलो.

बाहेर मुलगी उभी. मी हाशहुश करत वही काढली. "रॉटरडॅमची गाडी गेली असेल. पुढची..."

"कुठली गाडी?"

पुस्तकात हूक ऑफ हॉलंड ते रॉटरडॅम अशी रेल्वे होती. त्या गाडीशी मी जहाज जुळवलं होतं, पुढची चुकली तर त्याच्या पुढची, अशी अकरा कोष्टकं. मुलीनं वही हातात घेतली, पानं चाळली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हसून की काय ते कळलं नाही. ती रेल्वे 2017 साली बंद झाली. त्याच मार्गावर 2019 पासून रॉटरडॅमची मेट्रो धावते.

"बाबा, मेट्रो चुकली तर मागून दुसरी येते."

"आपल्या जीपवाणीच की," ही म्हणाली.

"हो, फक्त भरायची वाट बघत नाही."

"मग जीपवाणी न्हाई," हिनं निकाल दिला, आणि मेट्रोत बसल्यावर धपाटे काढले.

तर हे झालं गेल्या वर्षीचं. परत आल्यावर फाट्यावर मी सगळं सांगितलं, घड्याळ सोडून. ते हिनं सांगितलं. तेव्हापासून गावात कुणाला वेळ विचारायची असली की तिलाच विचारतात.

यंदा पुन्हा बोलावणं आहे. या खेपेला मुलाकडून डब्लिनलाही जायचं, साडूचा मुलगा तिथं असतो. लंडनहून रेल्वेनं वेल्समध्ये होलीहेड, तिथून जहाजानं डब्लिन. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, म्हणजे हॉलंडचा व्हिसा तिथं चालत नाही, आणि पासपोर्टाच्या जिवाला पुन्हा धावपळ. नवी वही घातली आहे. जुनं पुस्तक हिनं रद्दीत घातलं. भाव बरा मिळाला म्हणे. डब्लिनपर्यंतचं सगळं जुळलेलं आहे, होलीहेडला चहा प्यायलाही वेळ ठेवलाय. राहिला तो पहिला टप्पा. काल ड्रायव्हरला भेटून आलो. तो म्हणाला, दहा शीट झाल्याशिवाय परवडत नाही. आम्ही दोघं, आणि बॅगांचं मिळून एक शीट त्यानं कबूल केलं आहे.

सात शीट कमी आहेत. दिवाळीच्या आधीच्या सोमवारी दुपारी कुणाचं गेवराईला काम असेल तर सव्वाच्या आत तलवाडा फाट्यावर या. काम नसलं तरी चालेल. शेळी असली तर तिचं भाडं मी देईन.